मालकाची वही

चालकाला शिकवणं सोपं असतं. जानेवारी आला की रस्ता सुरक्षा अभियानाचे फलक लागतात. वाळूजमधल्या एखाद्या कारखान्याच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या जातात, आरटीओचे साहेब येतात, पडद्यावर अपघातांची चित्रफीत लागते आणि माझ्यासारखे गाडीमालक पुढच्या रांगेत बसून माना डोलावतात. वेग आवरा, झोप पूर्ण करा, मोबाइल खिशात ठेवा, टायरची हवा तपासा. यातलं खोटं काहीच नसतं. मग चहा-समोसा होतो, डोळे तपासले जातात, फोटो निघतो आणि चालक आपापल्या गाडीवर चढतात. माझा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. जे ऐकायला मी त्यांना बसवलं, ते पाळता येईल असं काम मी त्यांना देतो का? हे साहेबांनी मला कधी विचारलं नाही. चालकांनीही विचारलं नाही. मी स्वतःला विचारायचं टाळलं, कारण उत्तर कुठे आहे ते मला ठाऊक होतं. ते माझ्या टेबलाच्या खणात, हिशोबाच्या वहीत होतं.

धंदा छोटा आहे. बोटांवर मोजता येतील एवढ्या गाड्या, सगळ्या एमएच-20 म्हणजे छत्रपती संभाजीनगर पासिंगच्या, बहुतेक दहा टायरी. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याहून माल उचलायचा आणि चाकण, भिवंडी, नागपूरला पोचवायचा. 1985 साली बजाजचा कारखाना वाळूजला आला, मागोमाग सुटे भाग बनवणारे आले, आणि आमच्यासारख्यांची घरं त्या भागांच्या वाहतुकीवर उभी राहिली. चालक कोणी आष्टी-पाटोद्याचे, कोणी गेवराईचे, कोणी शहरातल्याच मोहल्ल्यांतले. तरुण मला शेठ म्हणतात, जुने मालक म्हणतात. त्यांच्या सवयींबद्दल मी चारचौघांत पुष्कळ बोललो आहे. माझ्या सवयींबद्दल त्यांनी आपापसांत काय म्हटलं असेल, याचा अंदाज आता येतो.

वहीत रकाने आहेत: भाडं, ॲडव्हान्स, डिझेल, टोल, खर्ची, हमाली, इतर. 'इतर'मध्ये वाटेवर काय काय द्यावं लागतं ते मला माहीत आहे, चालकालाही माहीत आहे, आणि आम्ही दोघं त्यावर बोलत नाही. गाडी परत आली की माझे प्रश्न या रकान्यांतूनच निघतात. डिझेल किती लागलं? उशीर का झाला? पावती आणली का? ब्रेक एका बाजूला ओढतोय का, काल रात्री कुठे झोपलास, हे विचारलं जात नाही, कारण ते लिहायला रकाना नाही. माणूस ज्याचा हिशोब द्यावा लागतो तेच जपतो. साहेबांचा वर्ग वर्षातून एका दुपारी भरतो, माझा दर फेरीला. चालक कोणाचा धडा पाठ करणार?

डिझेलचंच घेतो. आमच्या खर्चात सगळ्यात मोठा घास त्याचा, म्हणून मी ॲव्हरेजवर बक्षीस लावलं. ठरल्यापेक्षा लिटरमागे जास्त किलोमीटर काढले तर वाचलेल्या पैशात चालकाचा वाटा. माझ्या मनात होतं ते चांगलं चालवणं: वेग एकसारखा ठेवायचा, गिअर वेळेवर बदलायचा, उगाच रेस द्यायची नाही, पुढे गर्दी दिसली की लांबूनच पाय उचलायचा, गाडी उभी असेल तर इंजिन बंद करायचं. काहींनी ते केलं. पण त्याच बक्षिसाने दुसरी एक सवय पक्की केली. उतार आला की गाडी न्यूट्रल करून सोडायची.

न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं, हा अड्ड्यावरचा जुना समज. आताच्या इंजिनांत उलट होतं. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की चाकंच इंजिनाला फिरवत राहतात आणि डिझेलचा पुरवठा तेवढ्यापुरता बंद होतो. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू ठेवायलाच डिझेल जळतं. आणि डिझेल ही तर त्यातली लहान गोष्ट. गिअरमधलं इंजिन उतारावर गाडीला मागे धरून ठेवतं. ते सोडून दिलं की पंचवीस-अठ्ठावीस टनांचा सगळा भार ब्रेकवर येतो. लायनर तापतात, ड्रम तापतो, करपल्याचा वास सुटतो, आणि एका वळणावर ब्रेक दाबूनही गाडी धरत नाही. त्यात पुन्हा पुन्हा ब्रेक मारला तर टाकीतली हवा उतरते, आणि इंजिन मंद चालत असल्याने कॉम्प्रेसर ती लवकर भरून देऊ शकत नाही.

हे मला माहीत नव्हतं असं म्हणणं सोयीचं आहे. गाडीच्या कंपनीचा माणूस सर्व्हिसिंगला हेच सांगत होता. पण वहीत ॲव्हरेजचा आकडा चांगला दिसत होता, आणि चांगल्या आकड्याची चौकशी कोणी करत नाही.

कन्नडच्या औट्रम घाटात ऑगस्ट 2023 पासून जड वाहनांना बंदी आली. आदेश उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठाचा. धुळ्याच्या रस्त्यावर त्या घाटाने किती गाड्या खाल्ल्या, किती रात्री माणसं कोंडीत अडकून राहिली, हे आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं. तरी आदेश आला त्या दिवशी अड्ड्यावर पहिली चर्चा वळशाच्या डिझेलची झाली. नांदगाव-मालेगावकडून फिरून जायला किती लिटर जास्त, ते भाड्यात कोण देणार. मीही त्या चर्चेत होतो. घाटातला धोका टळला, चालकाच्या घरच्यांचा जीव भांड्यात पडला असेल, हा विचार माझ्याकडे उशिरा आला, आणि तोही बायकोने बोलून दाखवल्यावर.

आता झोपेकडे वळतो, कारण इथे मी स्वतःशी सगळ्यात जास्त खोटं बोललो आहे. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 तास आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. सलग 5 तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली. लांब पल्ल्याला थोडी सवलत दिली, तीही दिवसाला 10 तासांपर्यंतच. 2025 मध्ये नवी कामगार संहिता येईपर्यंत पाच किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे हा कायदा लागू होता. माझ्या गाड्या घरातल्या तीन वेगवेगळ्या नावांवर आहेत. करासाठी, असं मी सांगत असतो.

सेव्हलाइफ फाउंडेशनने 2020 मध्ये देशभरातल्या ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. चालक दिवसाला सरासरी 12 तास गाडी चालवतो आणि 417 किलोमीटर कापतो, असं तीत दिसलं. थकवा आला, झोप आली तरी गाडी चालवतो असं जवळपास निम्म्यांनी सांगितलं. हे वाचून मला धक्का वगैरे बसला नाही. माझ्या गाड्यांचा हिशोब काढला तर तो याच्या आसपासच येईल. धक्का बसला तो दुसऱ्या एका हिशोबाने. कारखान्यात सकाळी गाडी लागते, गेटवर नोंद होते, आणि माल भरायला रात्रीचे नऊ वाजतात. मी समजतो, दिवसभर गाडी उभी होती म्हणजे चालकाने आराम केला. उन्हाळ्यात पत्र्याची केबिन भट्टीसारखी तापते. रांग पुढे सरकली की गाडी हलवावी लागते, कागदांसाठी ऑफिसात बोलावलं जातं, हमालांवर लक्ष ठेवावं लागतं. तो माणूस दिवसभर जागाच असतो. रात्री नऊला मी फोन करतो, 'निघ लवकर, सकाळी सातला भिवंडीत गाडी लागली पाहिजे.' तिथून त्याची पाळी सुरू झाली असं माझी वही मानते. कंपनीकडून मी हॉल्टिंग मागतो, भांडूनही मागतो. उभ्या गाडीच्या तासांचा दर माझ्याकडे ठरलेला आहे. जागत्या माणसाच्या तासांचा नाही.

ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. मालकांच्या बैठकीत कोणीतरी म्हणालं, आता हे एसीत झोपा काढणार. हशा झाला. मी हसलो की नाही आठवत नाही, पण तोंडातून विरोधाचा शब्द निघाला नाही हे पक्कं आठवतं. मे महिन्यात आमच्या ऑफिसातला कूलर दोन तास बंद पडला तर मी इलेक्ट्रिशियनच्या डोक्यावर उभा राहतो. बेचाळीस अंशांत इंजिनाच्या शेजारी बसून दहा तास काढणाऱ्याची एकाग्रता कशी टिकत असेल, याचा विचार करायला सरकारी अधिसूचना यावी लागली.

मोबाइलचंही तसंच. गाडी चालवताना फोन घेऊ नका, हे वाक्य मी स्वतः चालकांना सांगितलं आहे. त्यांना रस्त्यात सर्वात जास्त फोन कोणाचे येतात? माझे. 'कुठे पोचलास?' 'अजून किती वेळ?' चालकाने उचलला नाही तर मी पुन्हा लावतो, आणि परत आल्यावर फोन का नाही उचललास म्हणून विचारतो. आता गाडीत जीपीएस आहे. गाडी कुठे आहे, किती वेगाने चालली आहे, कुठे किती वेळ थांबली, सगळं ऑफिसात बसून दिसतं. तरी मी फोन लावतो. पार्टीने मला विचारलेलं असतं, आणि माझ्या जिवाची घालमेल मी चालकाच्या कानात नेऊन ओततो. त्या यंत्रातली वेगाची नोंद मी क्वचित पाहिली. थांबण्याची नोंद मात्र रोज पाहिली.

देखभालीच्या बाबतीत मी स्वतःला जागरूक मालक समजत असे. खंडेनवमीला सगळ्या गाड्या धुतल्या जातात, बॉनेटवर झेंडूचे हार चढतात, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं, नारळ फुटतो. मी प्रत्येक गाडीला समोरून हात जोडतो. खाली वाकून लायनर किती उरले आहेत ते त्या दिवशी मी पाहिलेलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. चालकही सकाळी केबिनमध्ये अगरबत्ती लावतो आणि गाडी काढतो. त्याने हे कोणाकडून घेतलं?

खरं तर सकाळची तपासणी फार वेळेची नाही. हवेच्या टाकीखालची चावी सोडून साचलेलं पाणी काढायचं, नाहीतर ते व्हॉल्व्हपर्यंत जातं. हवेचा काटा पुरता भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही. टायरवर लोखंडी रॉड मारून आवाज ऐकायची पद्धत जुनी आहे, पण त्याने फक्त बसलेला टायर कळतो. कमी हवेचा कळायला गेज लागतो, आणि जोडीतला आतला टायर तर गेजशिवाय कळतच नाही. कमी हवेचा टायर चालताना जास्त वाकतो, तापतो आणि उन्हाळ्यात सिमेंटच्या रस्त्यावर फुटतो. दोन टायरांत अडकलेला दगड काढायचा. नटभोवती गंजाची रेघ उतरलेली दिसली तर नट ढिला आहे असं समजायचं. पाटा तुटलाय का, जॉइंटला ग्रीस आहे का, मागचे दिवे लागतात का, परावर्तक पट्टीवर चिखल बसलाय का, हे चालता चालता दिसतं. चढ चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर तसंच चालू ठेवायचं, म्हणजे टर्बोला तेल मिळत राहतं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं होतं. पण त्या वीस मिनिटांत काही बिघाड सापडला तर गाडी दिवसभर थांबेल, आणि थांबलेल्या गाडीचं भाडं बुडेल. न पाहिलं तर काही सापडत नाही. चालकाने न पाहणं मला परवडत होतं, म्हणून त्याने पाहिलं नाही.

आठ वर्षांहून जुन्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. करोडीला गाडी न्यायच्या आधी आमच्याकडे जी धावपळ होते ती पाहण्यासारखी. दिवे बदलले जातात, रंगाचा हात फिरतो, रिफ्लेक्टर चिकटवले जातात. पासिंगपुरते दुसऱ्या गाडीचे चांगले टायर चढवायचे आणि परत आल्यावर जुने लावायचे, ही युक्ती मला कोणाकडून शिकावी लागली नाही. टायर बदलताना चालक शेजारी उभा असतो. मदतही करतो. जुना गुळगुळीत टायर पुन्हा चढताना तो पाहतो, तेव्हा त्याला जे कळतं ते कोणत्याही चित्रफितीने पुसलं जाणार नाही. नियम तपासणाऱ्याला दाखवण्यासाठी असतात, हे त्याला मी शिकवलं, एक शब्दही न बोलता.

वजनाची गोष्ट थोडक्यात सांगतो. 2018 मध्ये सरकारने दहा टायरी गाडीची एकूण मर्यादा 25 टनांवरून 28.5 टन केली. आम्ही वर्षानुवर्षं म्हणत होतो की मर्यादा कमी आहे, म्हणून ओव्हरलोड करावं लागतं. मर्यादा वाढली. माझा मोह तिच्यासोबत वाढला. पुढच्या वर्षी दंडही वाढला, वीस हजार रुपये आणि वर दर जादा टनाला दोन हजार. तेव्हा मी थांबलो. ब्रेकसाठी, टायरसाठी, पाट्यांसाठी थांबलो असतो तर समाधान वाटलं असतं. मी दंडासाठी थांबलो.

माझ्या धंद्यात एक शाळा होती, आणि ती मीच बंद केली. पूर्वी प्रत्येक गाडीवर क्लीनर असायचा. सोळा-सतरा वर्षांचं पोर उस्तादाबरोबर निघायचं. गाडी मागे घेताना ओरडून सांगायचं, टायर बदलायचं, ग्रीस मारायचं, ताडपत्री बांधायचं, रात्री उस्तादाशी बोलत त्याला जागं ठेवायचं. चार-पाच वर्षांनी स्टिअरिंगवर बसायचं. त्या पद्धतीत पुष्कळ वाईट होतं. शिव्या होत्या, मार होता, लहान वयाची हेळसांड होती, उस्तादाच्या चुकाही वारशाने मिळत होत्या. पण इंजिनाचा आवाज बदलला की कान टवकारायची सवय तिथेच लागायची. क्लीनरचा पगार वाचवायचा म्हणून मी तो बंद केला, आणि त्याच्या जागी दुसरं काहीच ठेवलं नाही. आता तरुण चालक हलकी गाडी चालवून जड वाहनाचं लायसन्स काढतो आणि थेट माझ्या गाडीवर येतो. त्याला हवेच्या टाकीची चावी कुठे असते ते माहीत नसतं. मग मी म्हणतो, हल्लीच्या पोरांना गाडीची माया नाही.

15 ऑक्टोबर 2023 ला मध्यरात्रीनंतर वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर सैलानीबाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणारी मिनीबस एका ट्रकला मागून धडकली. बारा माणसं गेली. तो ट्रक रस्त्यात थांबवल्याच्या आरोपावरून आरटीओच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. आमच्या जिल्ह्यातली गोष्ट, आमच्याच रोजच्या रस्त्यावरची. बातमी वाचून माझ्या मनात आधी हळहळ आली आणि तिच्या पाठोपाठ लगेच एक सुटकेची भावना आली. दोष मिनीबसच्या वेगाचा असेल, थांबवणाऱ्यांचा असेल, आमच्या लोकांचा दिसत नाही. ही दुसरी भावना इतक्या झटकन आली की मला माझीच लाज वाटली. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवेल. माझ्यापुरता प्रश्न वेगळा होता. त्या रात्री माझी एखादी गाडी कडेला उभी असती, तर मागून येणाऱ्याला ती किती लांबून दिसली असती? मी उठून आवारातल्या गाड्यांची मागची बाजू टॉर्चने पाहिली. पट्ट्या होत्या. काहींवर धूळ आणि ऑइलचा थर इतका, की त्या असून नसल्यासारख्या. पुसायला एक ओलं फडकं पुरलं.

समृद्धी हा रस्ता तसा कसोटीचाच. 701 किलोमीटर, बराचसा सरळ, जड वाहनांना ताशी 80 ची मर्यादा. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला, तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात नागपूरच्या फेरीचा वेळ कमी करून टाकला. रस्ता चांगला झाल्याने वाचलेले तास चालकाच्या झोपेला द्यावेत, असं मला सुचलंच नाही. ते तास मी पुढच्या फेरीत घातले. पहाटे सरळ रस्त्यावर डोळे उघडे राहून माणूस पेंगतो, हे आता सगळे सांगतात. वेगमर्यादा मोडणाऱ्यांना थांबवून समुपदेशन होतं, गुळगुळीत टायरच्या गाड्या अडवल्या जातात. ते योग्यच आहे. पण वेळापत्रकाचं समुपदेशन कोणी करत नाही. 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, आणि त्यांतले 71.2 टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात मांडले गेले. त्या अहवालात घाई कोणी लावली असा रकाना नाही. माझ्या वहीतही नाही.

जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत चालकांनी संप केला. नव्या न्यायसंहितेत अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर निघेनात, पंपांवर रांगा लागल्या. मी चालकांच्या बाजूने बोललो. जमाव मारून टाकेल तर माणूस थांबेल कसा, हे म्हणणं खोटं नव्हतं. मोटार वाहन कायद्याचं 134 वं कलमही जमावाचा धोका मान्य करतं, आणि तो नसेल तर जखमीला उपचार मिळवून देणं हे चालकाचं कर्तव्य ठरवतं. पण संपाच्या गर्दीत मला एक गोष्ट खटकत राहिली. अपघात झालाच तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, हे मी माझ्या एकाही चालकाला कधी बसवून सांगितलं नव्हतं. 108 ला फोन, गाडीचे दिवे चालू, मागे त्रिकोणी फलक, जवळच्या ठाण्यात स्वतःहून हजर होणं, वकील आणि विमा माझ्या जबाबदारीवर. हे शेवटचं वाक्य चालकाने ऐकलेलं नसेल, तर तो का थांबेल? पळून जाण्याची सवयही माझ्या मौनातून आली असेल.

माझ्याकडे सबबी आहेत, आणि त्या पोकळ नाहीत. भाडं मी ठरवत नाही. मी दर वाढवून मागितला तर दुसरा गाडीवाला त्याच दरात, कधी कमीत, गाडी लावायला उभा असतो. हप्ता पाच तारखेला जातोच, गाडी चालो वा न चालो. कारखान्याला माल वेळेवर लागतो, कारण त्यांच्या पुढच्यालाही वेळेवर लागतो. उशिराचा दंड बिलातून कापला जातो, सुरक्षित आलो म्हणून कोणी एक रुपया जास्त देत नाही. रस्त्यावर गाडी उभी करून झोपायला धड जागा नाही. हे सगळं खरं आहे, आणि ज्यांनी ते बदलायचं त्यांनी बदललं पाहिजे. पण या सबबींची यादी करताना माझ्या ध्यानात आलं की यातली एकही सबब मी चालकाला देऊ देत नाही. त्याने 'रस्ता खराब होता' म्हटलं की मी त्याला कामचुकार म्हणतो. परिस्थितीचा आधार घ्यायचा हक्क मी माझ्यासाठी राखून ठेवला आहे.

काही बदललं आहे, तेही मोजकंच. ॲव्हरेजचं बक्षीस ठेवलं, पण जीपीएसमध्ये वेगमर्यादा मोडलेली दिसली की ते मिळत नाही. गाडी भरायला उशीर झाला तर निघायची वेळ पुढे जाते आणि पार्टीला ते कळवायचं काम माझं. फोन आता मी करत नाही, चालक थांबला की तो करतो. डोळ्यांच्या शिबिरात एका जुन्या चालकाला नंबर निघाला. तो चष्मा लावेना. म्हणाला, "मालक, चष्मा दिसला की लोक म्हणतात म्हातारा झाला, गाडी काढून घ्या." लोक म्हणजे कोण, हे त्याने नाव घेऊन सांगितलं नाही. मी त्याला सांगितलं की चष्मा लावलास तर गाडी तुझीच. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि मग लावला. वहीत गाडीच्या तक्रारीचा एक रकाना वाढवला आहे. पहिले काही आठवडे तो कोराच राहिला. गाड्या निर्दोष होत्या असं थोडंच आहे. तक्रार लिहिली तर काय होईल, याची चालकांना खात्री नव्हती.

जे बदललं नाही तेही लिहितो. फेरीवर पैसे द्यायची पद्धत अजून तीच आहे. पक्का मासिक पगार दिला तर चालक रात्र काढायला घाई करणार नाही, हे मला पटतं. पण माझ्या हिशोबात तो बसत नाही, आणि बसवायचा मी पुरेसा प्रयत्न केलेला नाही. क्लीनरच्या जागी शिकाऊ माणूस कसा ठेवायचा, योग्य वयाचा, योग्य पगाराचा, याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

चालक शिकला याची खूण मी पूर्वी स्वच्छ गाडीत आणि चांगल्या ॲव्हरेजमध्ये शोधायचो. आता मला ती दुसरीकडे दिसते. एके सकाळी भरलेल्या गाडीसमोर उभा राहून एक तरुण चालक म्हणाला, "शेठ, ही गाडी आज नेत नाही. मागचा ब्रेक धरत नाही." माल तातडीचा होता. पूर्वीचा मी असतो तर म्हणालो असतो, हळू ने, परत आल्यावर बघू. किंवा दुसऱ्या चालकाला चावी दिली असती. या वेळी मी गाडी खोलायला लावली. लायनर खरंच संपलेले निघाले. माल दुसऱ्याच्या गाडीने पाठवला, भाडं गेलं, आणि चालकाला त्या दिवसाचे पैसे दिले. इथवर माझं वागणं बरोबर होतं. पण पैसे देताना माझं तोंड वाकडं झालं होतं, आणि दिवसभर मी त्याच्याशी धड बोललो नाही. बाकीचे चालक तिथेच होते. त्यांनी पैशांपेक्षा माझं तोंड नीट वाचलं असणार. ब्रेक धरत नसला तर बोलायचं की गप्प गाडी काढायची, हे त्यांच्यापैकी प्रत्येकाने तेव्हाच ठरवलं असेल. त्यांना शिकवायचं पुष्कळ आहे आणि शिकवणारे मिळतील. पण नाही म्हणणाऱ्याला त्याच्या दिवसाचे पैसे सगळ्यांसमोर, सरळ तोंडाने देणं, एवढं मात्र माझं मलाच शिकावं लागणार आहे. अजून ते जमलेलं नाही.